रोहित इतका गुलाबी नसतो

पक्षी सप्ताह नुकताच संपला. वन्यजीव अभ्यासक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून आपल्या राज्यात पक्ष्यांच्या नावे साजरा होतो. चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या पश्चात आलेला हा पहिलाच सप्ताह. प्रभात फेऱ्या झाल्या, व्याख्याने झाली, छायाचित्रांची प्रदर्शने भरली आणि मोबाइलवर पक्ष्यांच्या फोटोंचा पूर आला. त्या पुरात सगळ्यात जास्त दिसला तो भिगवणचा रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो. कुठे गडद गुलाबी, कुठे थेट राणी रंगाचा.

हा रंग खोटा आहे. तो नुसता भडक असता तर आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून सोडून देता आला असता, पण इथे पक्ष्याची ओळखच बदलते. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, कुंभारगाव आणि डिकसळच्या उथळ पाण्यात येतो तो मोठा रोहित. अंगाने तो जवळजवळ पांढरा असतो. मान आणि छातीवर फिकट गुलाबी झाक, चोच गुलाबी आणि तिचे टोक काळे. खरा लाल-गुलाबी रंग त्याच्या पंखांत मिटलेला असतो, तो उडताना काळ्या पिसांच्या वर उलगडतो. शिवडी आणि ठाण्याच्या खाडीत बहुसंख्येने येतो तो लहान रोहित. तो बुटका, अधिक गुलाबी आणि गडद चोचीचा. मुंबईचे फोटो पाहून भिगवणला आलेला माणूस तोच गुलाबी शोधतो, सापडला नाही की घरी जाऊन सॅच्युरेशनची पट्टी सरकवतो. मग चोच एका जातीची आणि अंगाचा रंग दुसऱ्या जातीचा, असा जगात कुठेही नसलेला पक्षी तयार होतो.

पट्टी सरकवल्यावर काय होते, हे पडद्यावर फोटो मोठा करून पाहावे. लाल रंग कमाल पातळीला टेकला की त्याच्यातले बारकावे पुसले जातात. पंखावरच्या पिसांच्या एकावर एक बसलेल्या कडा, त्यांच्यामधली सावली, ओल्या पिसांचे चिकटलेले टोक, सगळे एका सपाट गुलाबी डागात बुडते. पांढऱ्या अंगाची गतही तशीच. गडद पाण्यावर पांढरा पक्षी उभा असला की कॅमेरा त्या पाण्याच्या हिशेबाने उजेड वाढवतो आणि पक्ष्याची पाठ चुन्यासारखी पांढरीफटक होते. अशा वेळी एक्स्पोजर थोडे उतरवावे. मागे उजळ आकाश असेल तर उलट, थोडे चढवावे. पहाटेच्या पिवळ्या उन्हात व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा त्या उन्हालाच दोष समजून पुसू पाहतो. तो डेलाइटवर ठेवावा आणि फाईल रॉमध्ये घ्यावी. खऱ्या रंगाचे निम्मे काम इथेच होते.

भिगवणच्या थव्यात आणखी एक रंग असतो, तो फोटोंत क्वचितच दिसतो: राखाडी-तपकिरी. ही रोहितची पिल्ले. जन्मतः ती गुलाबी नसतात. शैवाल आणि बारीक कवचधारी जीवांतून मिळणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये पोटात जाऊन पिसांत उतरायला काही वर्षे लागतात. प्राणिसंग्रहालयातल्या रोहितला ही द्रव्ये मिळाली नाहीत तर तो फिका पडतो. थव्यातली ही मळकट पिल्ले म्हणजे अलीकडच्या विणीचा पुरावा. आपल्या देशात या पक्ष्याची मोठी वीण कच्छच्या रणात होते. तिथे पाणी किती साचले, पिल्ले किती जगली, याचा अंदाज उजनीच्या काठावर उभे राहून थव्यातल्या राखाडी पक्ष्यांवरून बांधता येतो. आणि आपण मात्र ती देखणी नाहीत म्हणून फ्रेमबाहेर ठेवतो! मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकते ते हेच. पट्टी सरकवून रंग बिघडवता येतो, तसा चौकट आवळूनही बिघडवता येतो.

चौकटीचा खरा कस लागतो तो माळावर. मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन घेऊन अलीकडे बऱ्याच गाड्या सुप्याकडे वळतात. तिथले मयूरेश्वर अभयारण्य सुमारे पाच चौरस किलोमीटरचे, १९९७ मध्ये घोषित झालेले. चिंकारा ही त्याची ओळख, पण पक्षी पाहणारे येतात ते धाविक, पखुर्डी, माळटिटवी आणि हिवाळ्यात उतरणाऱ्या भोवत्यासाठी. धाविक जवळून पाहावा. डोक्यावर तांबूस टोपी, डोळ्यावरून मागे जाणारी पांढरी आणि काळी रेघ, छाती विटकरी, पाय फिकट पांढरे. चार पावले तुरुतुरु धावतो आणि थबकतो. थबकला की मुरमात विरघळतो. सगळे गमक त्या विरघळण्यातच आहे. मुरमाचा रंग हेच त्याचे घर आणि तेच त्याचे चिलखत.

आता हल्लीचा रिवाज पाहा. जमिनीला पोट टेकून, मोठी लेन्स लावून, मागचे-पुढचे सगळे लोण्यासारखे धूसर करायचे आणि मधोमध लख्ख पक्षी. डोळ्याच्या पातळीवरून फोटो घेणे चांगलेच, त्यात पक्ष्याची नजर भेटते. पण मुरूम गेला, कुसळी गवत गेले, दूरची बोडकी टेकडी गेली. उरलेला धाविक सुप्याचा की राजस्थानचा, कोणी सांगावे? त्यात विटकरी रंग आणखी तापवला की तो मातीतून सुटून वेगळाच चमकू लागतो. जो पक्षी न दिसण्यासाठी घडला आहे त्याला असे उठावदार करणे म्हणजे त्याच्याविषयी चुकीची माहिती देणे. धाविक फ्रेममध्ये लहान असू द्यावा. तो ज्या दिशेने धावणार तिकडे जागा सोडावी, आणि पाहणाऱ्याला तो क्षणभर शोधावा लागू द्यावा.

नोव्हेंबरात या माळावर हिरव्याचा पिवळा होत असतो, फेब्रुवारीपर्यंत तो राखेसारखा होतो. तो बदल फोटोत टिकला तर दहा वर्षांनी त्या माळाचे काय झाले हे कळायला उपयोगी पडेल. इंदापूरची कडबनवाडी आणि बारामतीचे शिर्सुफळ इथे वन विभागाने गवताळ सफारी सुरू केली आहे. ‘पडीक’ म्हणून हिणवल्या गेलेल्या माळाला त्यामुळे प्रतिष्ठा मिळते आहे, हे मी मनापासून चांगले मानतो. म्हणूनच तो माळ फोटोत दिसला पाहिजे.

आता ज्याच्यावरून मोरगावचे नाव पडले, असे सांगतात, त्या मोराकडे. मोराच्या गळ्यात निळे रंगद्रव्य नाहीच. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली मोरपीस धरले आणि पाण्याने भिजवताच त्याचा रंग उतरतो हे नोंदवले. २००३ मध्ये चीनच्या फुदान विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याची घडण उलगडली: पिसाच्या तंतूंत मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात, आणि त्यांच्यातले अंतर बदलले की रंग बदलतो. आपल्या सी. व्ही. रामन यांनाही या प्रश्नाने ओढले होते. पक्ष्यांच्या पिसांतल्या रंगांच्या उगमावर १९३४ मध्ये त्यांनी निबंध लिहिला आणि त्यासाठी निवडला तो नीलपंख, आपल्याकडे तारेवर बसलेला सहज दिसतो तोच. बसलेला असताना तो मातकट वाटतो, झेपावला की पंखांत गडद आणि फिकट निळ्याचे पट्टे उघडतात. तो निळाही रंगद्रव्याचा नव्हे, पिसाच्या रचनेतून उमटलेला.

फोटो काढणाऱ्याला यातून एक सरळ गोष्ट मिळते. मोराचा गळा एका बाजूने निळा, दुसऱ्या बाजूने हिरवट, ऊन समोरून आले की जवळजवळ काळा दिसतो. यातला प्रत्येक रंग खराच. हवा तो रंग मिळवायचा तर चार पावले सरकून उभे राहावे, सूर्य पाठीशी घ्यावा किंवा मोर वळेपर्यंत थांबावे. संगणकावर निळा ओतण्याची गरजच पडत नाही.

थांबण्याची तयारी नसली की चौकटीसाठी पक्ष्यालाच हलवले जाते. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून नाव थेट थव्यात घालायला सांगणारे पाहुणे असतात. त्यांच्या फोटोत पंखांचा लाल रंग उलगडतो खरा, पण चरणे मोडून उडालेल्या पक्ष्याची ताकद फुकट जाते. नावाड्याला त्याची रोजी सांभाळायची असते, म्हणून नकार देण्याचा भार त्याच्यावर टाकू नये. तो आपण उचलावा. माळटिटवीची अंडी तर उघड्या जमिनीवरच असतात. ‘स्वच्छ’ फ्रेमसाठी आजूबाजूचे गवत उपटले, पक्षीण उठून गेली, की उन्हात ती अंडी वाचत नाहीत. घरट्यांचे फोटो स्पर्धांनी सरसकट नाकारावेत, या मताचा मी आहे.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत ‘परिसरातला प्राणी’ असा वेगळा विभाग आहे. २०१८ मध्ये एका विजेत्या चित्रातला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा असा निष्कर्ष निघाल्यावर याच संग्रहालयाने तो पुरस्कार काढून घेतला होता. असा विभाग आणि अशी छाननी आपल्या तालुक्यांतल्या स्पर्धांनाही जमण्यासारखी आहे. पुढच्या ५ नोव्हेंबरपर्यंत बारामती-इंदापूरच्या आयोजकांकडे पुरेसा वेळ आहे. प्रवेशिकेसोबत रॉ फाईल मागावी, फोटोखाली जागा आणि तारीख अनिवार्य करावी, आणि एक बक्षीस अशा फोटोला ठेवावे ज्यात थव्यातली राखाडी पिल्लेही मोजता येतील.