पुढची फळी कोणती?

हाताला थोडे वळण लागले, की माणसाला आपली हत्यारे अपुरी वाटू लागतात. पेटीवर दोन राग बसले की नवी पेटी हवी होते. विंडसर्फिंग, म्हणजे शीड धरून फळीवर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाणी कापण्याचा खेळ, याला अपवाद कसा असणार?

जूचंद्रचा माझा भाचा दोन सुट्ट्या गोव्यात हा खेळ शिकला. आता त्याला ८५ लिटरची फळी हवी आहे. “मामा, आईला तूच सांग,” असा त्याचा लकडा. माझी बहीण म्हणते, “दादा, पैसे घालायचे ते बुडणाऱ्या फळीत कशाला?”

तिने हे चेष्टेत म्हटले. पण शास्त्र तिच्याच बाजूचे आहे. फळीचे माप लिटरमध्ये सांगतात आणि एक लिटर साधारण एक किलो वजन तोलते. भाचा ६० किलोचा. फळी, डोलकाठी आणि शीड मिळून आणखी १५ ते २० किलो. म्हणजे ८५ लिटरची फळी वारा नसताना त्याला जेमतेम तरंगत ठेवील. नवशिक्याची फळी २०० लिटरच्या आसपास असते, रुंद असते, आणि तिच्या पोटाखाली उचलते पाते असते. म्हणूनच तिच्यावर निवांत उभे राहून, दोरीने शीड वर ओढून घेता येते. लहान फळीवर ही सोय नाही. तेथे पाण्यात पडल्या पडल्या शिडात वारा भरून घ्यायचा आणि त्याच्याच ओढीने वर चढायचे. वाराच पडला तर? मग फळीवर पालथे पडून हातांनी वल्हवत किनारा गाठायचा. वसईच्या खाडीत ओहोटीची ओढ लागली असताना हे किती अवघड, ते तेथील कोणत्याही कोळ्याला विचारावे.

तेव्हा मधली पायरी हवी. वजनात ६० ते ७० मिळवावे. भाच्यासाठी १२० ते १३० लिटर. ही फळी उभे राहू देते आणि वारा चांगला असला की पाण्यावरून सरकन् घसरतेही. कमरेच्या पट्ट्याने शिडाचा भार पेलणे, पाय फळीवरच्या पट्ट्यांत अडकवणे आणि पाण्यातून शिडाच्या ओढीने वर चढणे या तीन गोष्टी तिच्यावर अंगवळणी पडल्या, की मग लहान फळीचा विचार. जूचंद्र रांगोळीकारांचे गाव. ठिपके जुळू लागले म्हणून तेथेही कुणी दुसऱ्याच दिवशी माणसाचा चेहरा काढायला बसत नाही.

शिवाय आपला वारा पाहावा. दुपारी समुद्रावरून येणारी झुळूक सुखद खरी, पण पुष्कळदा मंद असते. लहान फळीला जोरदार वारा लागतो. तो रोज मिळाला नाही तर ती भिंतीला टेकून राहते. मोठी फळी म्हणजे कमीपणा, असेही नाही. हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत २०२३ साली भारताच्या इबाद अलीने कांस्यपदक मिळवले, ते ज्या आर.एस.एक्स. फळीवर, ती चांगली ९३ सेंटिमीटर रुंद असते!

घेण्यापूर्वी मात्र अशी फळी दोन दिवस भाड्याने वापरावी: एकदा भर वाऱ्यात आणि एकदा पडत्या वाऱ्यात. पडत्या वाऱ्यात जी आपल्याला किनाऱ्यावर परत आणते, ती घरच्यांनाही पसंत पडते.