शाळेतला हिरो पुढे चालतो का?

खोताच्या वाडीहून आझाद मैदान काही फार लांब नाही. फेब्रुवारी 1988 मध्ये तिथेच शारदाश्रमच्या सचिन-विनोदने हॅरिस शील्डमध्ये 664 धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन नाबाद 326, विनोद नाबाद 349. पुढे सचिन 200 कसोटी खेळला. विनोद फक्त 17, तेही 54 च्या सरासरीने! त्या दिवशी पॅड बांधून बसून राहिलेल्या अमोल मुझुमदारने प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा काढल्या, पण कसोटी एकही मिळाली नाही.

मग शाळेतला स्कोअर नेमकं मोजतो काय? तर फलंदाज आणि समोरचे गोलंदाज यांच्यातलं अंतर. जानेवारी 2016 मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद 1009 केल्या, त्या सामन्यात समोरचा अख्खा संघ पहिल्या डावात 31 मध्ये गारद झाला होता. वरच्या पातळीवर कच्चे गोलंदाज गळतात आणि उरतो तो प्रत्येकजण आपापल्या शाळेचा हिरोच असतो. त्यामुळे हिरो असणं हा फरकच तिथे उरत नाही.

तेव्हा पोराने द्विशतक ठोकलं म्हणून दहावीची पुस्तकं गुंडाळण्याआधी एवढंच विचारा: धावा कोणासमोर काढल्या?