फॉरमॅट मारण्याआधी

डहाणू-तलासरीकडच्या सेवा केंद्रात कॉम्प्युटर फॉरमॅट मारायचा ठरला की स्कॅन केलेले दाखले, फोटो, हिशेब आधी पेन ड्राइव्हवर जातात. नेटची जोडणी मात्र ‘नंतर परत टाकू’ म्हणून राहून जाते. माझं म्हणणं असं, की अशा गावांत बॅकअपची सुरुवातच तिथून व्हावी. नेट नसेल तर मोडेमचा ड्रायव्हरसुद्धा उतरवता येत नाही, आणि जातीच्या दाखल्यासाठी मजुरी बुडवून पाड्यावरून आलेला माणूस तसाच परत जातो.

विंडोज डायल-अपच्या जोडण्या ‘रासफोन.पीबीके’ या फाइलमध्ये ठेवते. फाइल साध्या मजकुराची, नोटपॅडमध्ये उघडणारी: चौकटी कंसात जोडणीचं नाव, खाली डायल करायचा नंबर, मोडेम, पोर्ट. जोडणी एकाच युजरपुरती असेल तर फाइल त्याच्या ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये सापडते. ती उचलून ठेवली की झालं, असं वाटतं. पण पासवर्ड तिच्यात नसतोच. विंडोज तो वेगळा, कुलूपबंद ठेवते. फाइल परत आणून पासवर्ड न भरता डायल केलं, तर 691 हा एरर येतो. डोंगलचं त्याहून अवघड. *99# हा नंबर फाइलबरोबर येतो, पण ॲक्सेस पॉइंटचं नाव, म्हणजे बीएसएनएलच्या सिमसाठी ‘बीएसएनएलनेट’, मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जादा कमांड म्हणून लिहिलेलं असेल तर ते फॉरमॅटबरोबर पुसलं जातं. पावसाळ्यात टेलिफोनच्या तारेतून वीज उतरून मोडेम जळाला आणि दुसऱ्या बनावटीचा आणला, तर फाइलमधलं जुनं नाव त्याच्याशी जुळत नाही. म्हणून फाइलीच्या जोडीला कागद हवाच: नंबर, युजरनेम, पासवर्ड, ॲक्सेस पॉइंट.

पासवर्ड कागदावर उतरवणं धोक्याचं, हा आक्षेप रास्त आहे. पण तो कागद मॉनिटरला चिकटवायचा नाही. केंद्राचे शिक्के ज्या कपाटात कुलपात असतात, तिथे ठेवायचा. डायल-अपच संपलं, असंही कोणी म्हणेल. बीएसएनएलच्या संचारनेट या डायल-अप सेवेसाठी 172222 फिरवण्याचे दिवस गेले हे खरं, आणि नवे डोंगल बरेचदा राउटरसारखेच चालतात. तरी राउटरशिवाय, थेट विंडोजमधून युजरनेम टाकून जोडलेलं ब्रॉडबँड आणि विंडोजमधलं व्हीपीएन आजही याच फाइलमध्ये नोंदलं जातं. तेव्हा जमेल तिथे फॉरमॅटआधी तीच जोडणी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उभी करून लावून पाहावी. तिथे नेट लागलं नाही, तर काय घ्यायचं राहिलं ते जुना कॉम्प्युटर चालू असतानाच शोधता येतं.