ठोकळ्यांतले देहू

प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली पडद्यावर आला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. फत्तेलाल मुळात कलादिग्दर्शक; चित्रपटासाठी तुकोबांच्या काळातील देहू उभे करण्यात आले. पुढे अनेक वर्षे गावोगावी लोकांनी हा चित्रपट पाहिला. आज पंच्याहत्तरी-ऐंशी गाठलेल्या अनेकांच्या मनात ते देहू अजून आहे. नातवंडांच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून तोच सेट घरी, छोट्या आकारात उभारता येतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णालाही हा खेळ मानवतो.

स्मृतिभ्रंशात बहुधा अलीकडच्या आठवणी आधी पुसट होतात. तरुणपणीच्या अधिक काळ टिकतात. शिवाय ठोकळा उचलणे, फिरवणे, दाबून बसवणे यांत बोटे, डोळे व मन एकत्र काम करतात. यामुळे आजार बरा होत नाही, औषधेही बंद करू नयेत. मात्र रुग्णाची दुपार रिकामी जात नाही.

सुरुवात लहान असावी: तुकोबांचे घर, अंगण, निळ्या ठोकळ्यांची इंद्रायणी. आमच्या पूर्णा जंक्शनमध्ये रेल्वेत आयुष्य घालवलेले आजोबा पुष्कळ. त्यांना एखाद्या चित्रपटातील फलाट अधिक जवळचा वाटेल. लेगोचे नेहमीचे ठोकळे बारीक असतात. त्याच कंपनीचे ‘डुप्लो’ लांबी, रुंदी व उंचीत दुप्पट. तसे कोणतेही मोठे ठोकळे थरथरत्या बोटांना सोपे जातात. टेबलावर, भरपूर उजेडात, चष्मा लावून बसावे. वीस मिनिटे पुरेत. बोटे दुखू लागल्यास थांबावे. सांडलेले ठोकळे लगेच उचलावेत, कारण उतारवयातील पडणे महागात पडते. वस्तू तोंडात घालण्याची सवय असलेल्या रुग्णाला एकटे सोडू नये.

सर्वांत मोठे पथ्य बोलण्याचे. ‘सांगा पाहू आजी, तुकाराम कोण झालं होतं?’ अशी परीक्षा घेऊ नये. उत्तर न सुचल्याने त्या ओशाळतात आणि खेळच नको म्हणतात. त्यापेक्षा ‘आजी, पागनिसांचे तुकोबा इथे बसवू या का?’ असे विचारावे. आजींनी देवळाच्या जागी गोठा बांधला, तर तो गोठाच राहू द्यावा.

एका बाबतीत मात्र खेळ तत्काळ थांबवावा. एका हातातून ठोकळे एकाएकी गळू लागले, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर लगेच रुग्णालय गाठावे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

अपुरा सेट रात्री मोडू नये. काल काय केले हे आजींना आठवले नाही, तरी समोरचे अर्धे घर पाहून पुढचा ठोकळा त्या आपणहून उचलतील.