थर पातळ हवा
(लेखमाला : हेअर पॅचचं विज्ञान, भाग ४)

मागच्या आठवड्यात हेअर पॅचचा तळ पाहिला : जाळीदार लेस, जरा घट्ट विणीचा मोनो आणि पॉलीयुरेथेनची पारदर्शक पातळ पॉली. आता हा तळ टाळूला धरून ठेवणाऱ्या द्रव ग्लूकडे वळू. पॅच वापरणाऱ्याच्या मनातली निम्मी धाकधूक या एका बाटलीपाशी असते. लोकलच्या दारात वाऱ्यावर उभं राहायचं का, मित्रांबरोबर पोहायला जायचं का, कुणी मायेनं डोक्यावरून हात फिरवला तर काय? ही काळजी खरी असते, तिला कुणी हसू नये. पण तिच्यापोटी बहुतेक जण ग्लू जास्त लावतात आणि तिथेच घात होतो.

सलूनमध्ये सर्रास दिसणारा दुधाळ ग्लू म्हणजे ॲक्रिलिकचं पाण्यातलं इमल्शन. पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. प्रत्येक कण प्रकाश विखुरतो, म्हणून द्रव पांढरा दिसतो. ब्रशनं टाळूवर पातळ हात दिला की पाणी उडू लागतं, कण एकमेकांना भिडतात, दाबले जाऊन त्यांच्यातल्या फटी बुजतात. प्रकाश विखुरायला जागाच उरली नाही की थर पारदर्शक होतो. बारकाईनं पाहिलं तर आधी कडा निवळतात, मग मधला पांढरा डाग आक्रसत जातो. त्यानंतर एका कणातल्या पॉलिमरच्या साखळ्या शेजारच्या कणात शिरून गुंततात. थराची खरी ताकद या गुंत्यातून येते आणि तो पक्का व्हायला वेळ लागतो. पॅच बसवल्यावर पहिल्या दिवशी डोकं भिजवू नका, असं कारागीर सांगतो ते याचसाठी.

फेव्हिकॉलही असाच पांढरा असतो आणि वाळताना निवळतो. पण तो वाळून कडक होतो, हा ग्लू कडक होतच नाही. त्यातले मुख्य घटक, उदाहरणार्थ ब्यूटाइल ॲक्रिलेटचा पॉलिमर, काचेसारखे ताठर व्हायला तापमान उणे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं. टाळूच्या उबेत ते कायम मऊ राहतात. टाळू वरून गुळगुळीत दिसली तरी तिच्यावर बारीक रेषा आणि खाचा असतात. बोटानं दाबल्यावर त्यांत शिरण्याइतका मऊ आणि ओढल्यावर न तुटण्याइतका चिवट, असा थर हवा असतो. ३एम कंपनीचे शास्त्रज्ञ कार्ल डालक्विस्ट यांनी या मऊपणाची मर्यादाच मांडली : पदार्थाचा कडकपणा साधारण ३ लाख पास्कलच्या खाली असेल, तरच तो नुसत्या दाबानं चिकटतो. खिडकीच्या काचेचा कडकपणा याच्या दोन लाख पटींहून जास्त असतो.

आता जाड थराचं काय होतं ते पाहा. त्याचा वरचा भाग आधी सुकतो, त्याची साय धरते आणि खालचं पाणी कोंडतं. वरून पॉलीचा तळ बसवला की त्या पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. आतला ग्लू पिठल्यासारखा राहतो आणि संध्याकाळपर्यंत पॅच सरकू लागतो. लेसच्या बाबतीत ओला ग्लू जाळीच्या भोकांतून वर येऊन केसांच्या गाठींत बसतो. तो काढताना केस गळतात. शिवाय नीट सुकलेला जाड थरसुद्धा त्याच ओढीला पातळ थरापेक्षा जास्त सरकतो. म्हणून दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण निवळेपर्यंत थांबावं. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हवेतच इतकी वाफ असते की हे थांबणं बरंच लांबतं. पंखा किंवा ड्रायरची थंड हवा चालेल, पण घाई चालणार नाही.

पकड सैल करण्यात हवेपेक्षा आपल्या त्वचेचाच वाटा मोठा असतो. टक्कल पडताना केस बारीक होत जातात, पण त्यांच्या शेजारच्या तैलग्रंथी शाबूत राहतात. टकलाला चकाकी येते ती त्यांच्याच तेलानं. हे तेल ॲक्रिलिकमध्ये मुरतं, साखळ्यांचा गुंता सैल करतं आणि काही दिवसांत थर चिकचिकीत होतो. घाम वेगळं काम करतो : पाणी पुन्हा थरात शिरतं आणि पुढच्या केसरेषेपाशी पांढरट ठिपके दिसू लागतात. त्यात त्वचेचा वरचा मृत पापुद्रा सतत झडत असतो आणि जाताना ग्लूला घेऊन जातो. मला विचाराल तर कोणता ब्रँड घ्यावा यापेक्षा लावण्याआधी टाळू किती स्वच्छ आणि कोरडी केली, याला जास्त महत्त्व आहे. शाम्पूनं धुवायची, पुसायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तेल काढायचं आणि मग तिला बोट लावायचं नाही.

पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या सॉल्व्हंटमधले ग्लूही मिळतात. ते लवकर सुकतात, पण वास उग्र असतो आणि खिडकी उघडी लागते. सिलिकोनचे ग्लू तेलकट त्वचेवरही चांगले पसरतात आणि पाण्याला दाद देत नाहीत. मराठी नाटकवाल्यांच्या ओळखीचा स्पिरिट गम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ. खोटी मिशी प्रयोगभर टिकवायला तो उत्तम, पण रोजच्या पॅचसाठी तो नव्हे. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट ग्लू मात्र टाळूला कधीही लावू नये. तो त्वचेच्या ओलाव्यानं कडक होतो, त्या वेळी उष्णता सोडतो आणि काढताना कातडी सोलतो. ॲक्रिलेटची ॲलर्जीही काहींना होते, तेव्हा नवी बाटली आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी.

आता काढण्याविषयी. असा ग्लू जितक्या वेगानं ओढावा तितका जोरानं धरतो. झटका दिला तर तो सुटण्याऐवजी त्वचेचा वरचा थर उपटून आणतो. म्हणून रिमूव्हर कडेला सोडायचा, काही मिनिटं मुरू द्यायचा आणि तळ हलक्या हातानं सरकवत उचलायचा. पुष्कळशा रिमूव्हरमध्ये संत्र्याच्या सालीतल्या तेलात असतं ते लिमोनीन असतं. ते ॲक्रिलिकला फुगवतं आणि पकड सुटते. सिलिकोनवर ते पुरं पडत नाही, त्याचा रिमूव्हर वेगळा घ्यावा लागतो. काम झाल्यावर लिमोनीनचा तेलकट अंश साबणानं नीट धुतला नाही, तर पुढच्या वेळी ग्लू त्या तेलावरच बसतो आणि चार दिवसांत कडा उचलल्या जातात.

पुढच्या आठवड्यात दुहेरी टेप : ग्लू आणि टेप एकत्र वापरताना कोणता कुठे लावायचा ते पाहू.