सहाच्या जागी चार

इंजिन उचलून काढलेल्या लष्करी जोंगा गाडीच्या बॉनेटखाली माणूस आरामात उभा राहतो. जबलपुरातल्या गोहलपुरच्या एका गॅरेजमध्ये, ते चालवणाऱ्या उस्तादांचा एक पोरगा तसा उभाच होता: पुढे रेडिएटरची चौकट, मागे डॅशचा पत्रा, पाय थेट जमिनीवर आणि हातात वायरब्रश. चेसिसच्या पट्टीवर वर्षानुवर्षं साचलेलं तेल-मातीचं कीट तो खरवडत होता. बाहेर आलेलं इंजिन शेजारी एका फाटक्या टायरवर टेकवलेलं. एका ओळीत सहा सिलिंडर, पेट्रोल, 3,956 सीसी. त्याच्या जागी येणार होतं टाटा 407 चं चार सिलिंडरांचं डिझेल, 2,956 सीसी. फरक बरोबर एक हजाराचा, तोही निव्वळ योगायोगानं.

गाडी माझ्या मामेभावाची. लष्करानं लिलावात काढलेल्या गाड्यांपैकी ही एक, दोन-तीन हातांतून फिरून त्याच्याकडे आलेली. लिटरला चार-पाच किलोमीटर चालणारी गाडी पेट्रोलनं शंभरी ओलांडल्यावर चालवणार कोण? त्याला ती शेतावर न्यायची आहे, पावसाळ्यात चिखलातून बाहेर काढायची आहे. म्हणून डिझेल. मामांचा मात्र या सगळ्याला ठाम विरोध. त्यांची उभी नोकरी जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत गेली. अशा जोंगा त्यांनी लाइनवरून उतरताना पाहिल्या आहेत. सकाळचा चहा झाला की ते रिक्षा करून गोहलपुरला येतात, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात आणि कोणी विचारलं नाही तरी चुका काढतात. उस्ताद त्यांना ‘साहब’ म्हणतात. ऐकून घेतात आणि बरेचदा ऐकतातही.

जोंगा हे नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून जुळवलेलं. गाडी मुळात निस्सानची साठच्या दशकातली ‘पॅट्रोल’. तिचा परवाना भारतानं घेतला, 1969 मध्ये व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि 1999 पर्यंत या गाड्या तिथे बनत राहिल्या. याच जातीचं सहा सिलिंडरांचं इंजिन निस्सानच्या एक-टनी ट्रकलाही होतं. म्हणून जबलपूरच्या जुन्या मिस्त्र्यांना ते हाताच्या रेषांसारखं पाठ. 110 अश्वशक्ती, तीही 3,000 फेऱ्यांवरच. घाई नाही, आरडाओरडा नाही. मामांच्या मते ज्या गाडीत हे इंजिन नाही तिला जोंगा म्हणू नये.

मामांचं हे म्हणणं मला पुरतं पटत नाही, आणि त्याचं कारण त्या टायरवर पडलेल्या इंजिनातच आहे. त्याचा स्ट्रोक 114.3 मिलिमीटर. जपानी कारखाना स्वतःच्या मनानं आखताना असा विचित्र आकडा कशाला धरेल? इंचात मोजा, बरोबर साडेचार इंच भरतो. तीसच्या दशकात निस्साननं अमेरिकेतल्या ग्रॅहम-पेज कंपनीच्या मोटारीचे आराखडे आणि यंत्रसामग्री विकत घेतली. तिथून आलेलं सहा सिलिंडरांचं इंजिन जपानमध्ये वाढत गेलं: व्हॉल्व्ह बाजूला होते ते वर आले, बोअर मोठा झाला, स्ट्रोक तेवढा साडेचार इंचच राहिला. अमेरिकी बापाचं, जपानी घरात वाढलेलं, जबलपुरात ओतलेलं असं हे ‘ओरिजिनल’. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आजा परका निघाला म्हणून नातू घराबाहेर काढायचा काय रे?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ज्यांच्यावर जगभरातले शौकीन जीव टाकतात त्या जपानी स्पोर्ट्स गाड्यांचीही गोष्ट अशाच दुसरीकडून आणलेल्या इंजिनानं सुरू होते. 1964 च्या जपानी ग्रां प्रीसाठी प्रिन्स कंपनीनं आपल्या चार सिलिंडरांच्या साध्या स्कायलाइनचं नाक 200 मिलिमीटरनी लांब केलं आणि त्यात आपल्याच मोठ्या ग्लोरियाचं सहा सिलिंडरांचं इंजिन बसवलं. सुझुकाच्या त्या शर्यतीत तिनं पोर्शे 904 ला एका फेरीपुरतं मागे टाकलं. शर्यत पोर्शेनंच जिंकली, पण स्कायलाइनची दंतकथा त्या एका फेरीतून जन्मली. दोन वर्षांनी प्रिन्स निस्सानमध्ये विलीन झाली. 1969 मध्ये, म्हणजे इकडे व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली त्याच वर्षी, निस्साननं फेअरलेडी झेड बाजारात आणली. अमेरिकेत डॅटसन 240 झेड म्हणून गेलेल्या या गाडीत लोकांनी काही वर्षांतच शेवरलेचे व्ही-एट घालायला सुरुवात केली. माझ्दा आरएक्स-7 चं रोटरी इंजिन काढून जनरल मोटर्सचं एलएस बसवणं तर आज इतकं रुळलंय की त्यासाठी तयार ब्रॅकेटचे संच मिळतात. तिथेही ‘आत्मा काढून घेतला’ म्हणून भांडणं होतात. फरक एवढाच की तिकडे माणूस ताकदीसाठी इंजिन बदलतो आणि गोहलपुरात मायलेजसाठी.

आणि दोन्हीकडे खरं काम इंजिनाचं नसतंच. चेनकुप्पीला टांगून 407 चं इंजिन जोंगाच्या पोटात उतरवायला दुपारही लागली नाही. उस्ताद म्हणाले, “इंजन तो कोई भी बिठा देगा. जोड़ना बोलो.” पुढचे कित्येक दिवस त्या एका जोडण्यात गेले.

407 च्या इंजिनामागची घंटी, म्हणजे बेलहाउसिंग, आणि जोंगाच्या गिअरबॉक्सचं तोंड यांचे बोल्ट एकमेकांशी जुळत नाहीत. मध्ये प्लेट लागते. उस्तादांनी सहा सूत, म्हणजे पाऊण इंच जाडीची लोखंडी प्लेट घेतली, तिच्या एका बाजूला इंजिनाचे आणि दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सचे बोल्ट आखले. जाडी मनाला येईल तशी धरून चालत नाही. गिअरबॉक्समधून पुढे येणारा इनपुट शाफ्ट फ्लायव्हीलच्या मधोमध असलेल्या बुशमध्ये टेकतो. प्लेट जाड झाली तर शाफ्ट बुशपर्यंत पोचत नाही, पातळ झाली तर क्रँकला जाऊन भिडतो. बुश गनमेटलचा, पलीकडच्या गल्लीतल्या खरादवाल्याकडून कातून आणलेला. क्लच प्लेट 407 ची ठेवली, पण तिचा मधला दातेरी हब उडवून जोंगाच्या जुन्या प्लेटचा हब रिव्हेट केला, कारण शाफ्टचे दाते जोंगाचे. हे ऐकायला जुगाड वाटतं. पण रिव्हेट ठोकण्याआधी उस्तादांनी दोन्ही हबची जाडी ज्या काळजीनं मोजली, ती पाहिल्यावर जुगाड हा शब्द मला लबाड वाटू लागला.

सगळ्यात नाजूक काम केंद्र जुळवण्याचं. फ्लायव्हीलवर चुंबकानं डायल गेज चिकटवायचं, त्याची सुई प्लेटच्या मधल्या गोल भोकाच्या कडेला टेकवायची आणि क्रँक हातानं सावकाश एक फेरी फिरवायचा. भोक क्रँकच्या नेमक्या मध्यावर असेल तर सुई हलत नाही. ती हललीच. सुई जेवढी फिरते त्याच्या निम्मं प्लेटचं सरकणं असतं, हे पोरांना उस्तादांनी माझ्यासमोर दोनदा समजावलं. मर्यादा सुईच्या पाच थाऊंची, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशांची, मिलिमीटरात 0.127. पितळी हातोडीनं प्लेटला एक टिचकी, पुन्हा फेरी, पुन्हा टिचकी. मामा खुर्ची सोडून जवळ आले आणि चष्मा कपाळावर चढवून सुई पाहत राहिले. सुई मर्यादेत आल्यावर प्लेट हलू नये म्हणून दोन डॉवेल पिना ठोकल्या. हे न करता नुसत्या बोल्टवर भरवसा ठेवणारी गॅरेजही आहेत. त्यांच्या गाड्या महिनाभर उत्तम चालतात. मग क्लचचा हब एका बाजूनं झिजतो, बुश किंचाळायला लागतो, पुढचं बेअरिंग जातं आणि मालक इंजिनाला शिव्या देतो.

नवं इंजिन लांबीला कमी, त्यामुळे पुढे रेडिएटरपर्यंत मोठी पोकळी राहिली. गिअरबॉक्स होता तिथेच ठेवायचा, म्हणजे फोर-व्हील-ड्राइव्हच्या दांड्या जमिनीतल्या आपापल्या भोकांतून वर येतात आणि दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट कापावे लागत नाहीत. मग पंख्याभोवती पत्र्याचा घेर बनवला, नाहीतर पंखा गरम हवाच घुसळत बसतो. खाली मात्र तेलाचा चेंबर पुढच्या अॅक्सलच्या वर येत होता. कमानपाटे दबले की अॅक्सल चेंबरला लागणार. चेंबर कापून, उथळ करून पुन्हा वेल्ड केला, आणि तेल कमी पडू नये म्हणून मागच्या बाजूला तेवढाच खोल केला.

मग कोन. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. क्रॉस कोनात फिरला की शाफ्टचा वेग एकसारखा राहत नाही, प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. कोन दहा अंशांचा असेल तर दर फेरीला सुमारे दीड टक्का पुढे, दीड टक्का मागे. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर हा हेलकावा फिटतो, नसेल तर तो गाडीच्या जमिनीतून बसणाऱ्याच्या कमरेत पोचतो. म्हणून नव्या इंजिनाचं नाक किती वर आणि शेपूट किती खाली, याचा हिशेब मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी जुळवावा लागतो. उस्तादांकडे यासाठी कोनमापकाला बांधलेला एक ओळंबा आहे. तो इंजिनाच्या मागच्या तोंडाला लावायचा, मग डिफरन्शियलच्या तोंडाला, आणि दोन्ही आकडे खडूनं गॅरेजच्या भिंतीवर लिहायचे. भिंतीवर आधीच्या गाड्यांचेही आकडे आहेत, कुणी न पुसलेले.

एवढं सगळं जुळूनही एक गोष्ट जुळत नाही, आणि मामांचा आक्षेप मुळात तिथे होता, हे मला उशिरा समजलं. ओळीतल्या सहा सिलिंडरांत पिस्टनांचे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. इंजिन फिरतं, हलत नाही. चारांत तसं होत नाही. दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात हे खरं, पण वरच्या अर्ध्या वाटेत पिस्टनचा वेग खालच्या अर्ध्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे दर फेरीला दोनदा एक उभा धक्का शिल्लक राहतो. डिझेलमध्ये सिलिंडरातले स्फोटही दणकट. जोंगाची चेसिस, तिचे आरसे, तिच्या दारांच्या कड्या हे सगळं सहा सिलिंडरांच्या मऊपणाच्या भरवशावर बांधलेलं. मामा म्हणाले, “फॅक्टरीत चालू इंजिनच्या हेडवर आम्ही रुपया उभा करायचो.” उस्तादांचा इलाज म्हणजे फाउंडेशनची रबरं. त्यांनी 407 चीच घेतली आणि ब्रॅकेट असे आखले की इंजिनाचा भार रबरावर उभा पडेल, आडवा ओढला जाणार नाही. धक्का कमी होईल. रुपया मात्र उभा राहणार नाही.

डिझेलचा मोह फॅक्टरीनंही टाळला नव्हता. 1996 मध्ये नागरिकांना विकण्यासाठी जी जोंगा काढली, तिच्यात अशोक लेलँडचं हिनो परवान्याचं डिझेल होतं. मामेभावाचा सगळा युक्तिवाद याच्यावर उभा आहे: “तुमच्याच फॅक्टरीनं केलं ना, बाबा?” मामा यावर विषय बदलतात.

कायदा मात्र इतका लवचीक नाही. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम सांगतं की निर्मात्यानं दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तक विसंगत ठरेल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हाच अर्थ उचलून धरला. मामेभावाच्या परवानगीच्या फायलीवर निर्णय व्हायचा आहे आणि तोवर कागदावर गाडी पेट्रोलचीच. लिलावात विकल्या गेलेल्या किती जोंगा आज पुस्तकात एक आणि पोटात दुसरं इंजिन घेऊन फिरत असतील याचा विचार न केलेलाच बरा. मला हे उस्तादांच्या कामातलं नव्हे, मालकांच्या घाईतलं वैगुण्य वाटतं. परवानगी आधी मागायची असते, चेनकुप्पी नंतर.

2021 च्या नियमांनी आणखी एक पेच टाकला. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींना आता ‘व्हीए’ मालिकेतला वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो, वीस हजार रुपये भरून, दहा वर्षांसाठी. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या जोंगा या वयात येऊन पोचल्या आहेत. महेंद्रसिंह धोनीनं 2019 मध्ये एक जोंगा घेतल्यावर या गाडीकडे शहरी पोरांचंही लक्ष गेलं. म्हणजे ज्या पेट्रोल इंजिनाला भंगारवाला किलोवर भाव सांगत होता, तेच आता गाडीच्या किमतीत मोजावं लागेल.

पहाटेच्या चाचणीत दमोहच्या रस्त्याला गाडी पन्नासच्या पुढे गेल्यावर जमिनीतून बारीक थरथर आली आणि साठला विरली. उस्तादांनी परत येऊन मागच्या फाउंडेशनखाली एक वॉशर वाढवला, भिंतीवरचा खडूचा आकडा अर्ध्या अंशानं बदलला. दुसऱ्या फेरीत थरथर गेली. आरसा अजून हलतो, तो हलणारच.

मामेभाऊ पैसे मोजायला बसला तेव्हा मामांनी विचारलं, “टायरवरच्या त्या इंजिनाचं काय करणार?” गिऱ्हाईक तयार आहे, असं मामेभाऊ म्हणाला. उस्तादांनी नोटा हातात धरूनच मान हलवली. इंजिन विकू नका, म्हणाले, सिलिंडरांत तेल टाकून, तोंडं बांधून ठेवा. आणि परत बसवायचा विचार कधी होणार असेल तर आजच सांगा. फाउंडेशनचे ब्रॅकेट अजून टाक्यांवरच धरलेत. वेल्ड पक्की न करता ते बोल्टवर घेतो. बोल्टचे आठशे वेगळे पडतील.

मामेभावानं मामांकडे पाहिलं. मामांनी खिशातून आठशे काढून दिले.