थिन व्हॉल्यूमचा बॅकअप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

साठवणुकीची जागा नावावर आधी मांडायची, पण प्रत्यक्ष लिहिणे होईल तेव्हाच द्यायची, या पद्धतीला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात. लिनक्समध्ये ती जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या ३.२ या कर्नलपासून उपलब्ध असून सहसा एलव्हीएम या व्हॉल्यूम व्यवस्थापकामार्फत वापरली जाते. अनेक थिन व्हॉल्यूम एकाच सामायिक पूलमधून ब्लॉक घेतात, आणि कोणाचा कोणता ब्लॉक पूलमध्ये कोठे आहे याची नोंदवही, म्हणजेच मेटाडेटा, एका वेगळ्या छोट्या व्हॉल्यूममध्ये राहते. बॅकअपविषयीचे बहुतेक गैरसमज या नोंदवहीचा विसर पडल्यामुळे होतात.

स्नॅपशॉट घेतला की बॅकअप झाला, हा त्यांतला सर्वांत रुळलेला समज. थिन स्नॅपशॉट क्षणात तयार होतो, कारण तो डेटाची नक्कल करतच नाही. मूळ व्हॉल्यूम आणि स्नॅपशॉट तेच ब्लॉक वाटून घेतात आणि एखाद्यावर नव्याने लिहिले गेले तरच तो वेगळा होतो. साहजिकच डिस्क किंवा मेटाडेटा बिघडला, तर दोन्ही एकदमच हातचे जातात. चालू व्हॉल्यूमचे एका क्षणाचे स्थिर रूप देणे, एवढेच स्नॅपशॉटचे काम; प्रत त्यावरून दुसऱ्या डिस्कवर काढावी लागते.

एलव्हीएम आपल्या रचनेची प्रत आपोआप ठेवते, म्हणून नोंदवहीही सुरक्षित आहे, असेही मानले जाते. त्या प्रतीत व्हॉल्यूमची नावे व आकार असतात, ब्लॉकचा नकाशा नसतो. तो ‘थिन डंप’ हे साधन एक्सएमएल स्वरूपात काढून देते आणि ‘थिन रिस्टोअर’ परत बसवते. मात्र पूलवर पुढे लिहिणे चालू राहिले असेल, तर जुना नकाशा आता दुसऱ्याच व्हॉल्यूमला दिलेल्या ब्लॉककडे बोट दाखवू शकतो.

ब्लॉकमागून ब्लॉक नक्कल करणाऱ्या ‘डीडी’ या आज्ञेने केलेली नक्कल बिनचूक असते हे खरे, पण ती नोंदवही वाचत नाही. १०० जीबीच्या व्हॉल्यूममध्ये १२ जीबीच वापरात असले, तरी डीडी पूर्ण १०० जीबी वाचते, न दिलेल्या जागी तिला शून्ये मिळतात, आणि ती शून्ये दुसऱ्या थिन व्हॉल्यूमवर लिहिली की तो पूर्ण फुगतो. शून्ये गाळण्याचा ‘स्पार्स’ पर्याय हे टाळतो, परंतु तो वापरताना लक्ष्य व्हॉल्यूम कोरा हवा. नाहीतर शून्ये असायला हवीत तेथे जुना मजकूर तसाच राहतो.

नोंदवही खऱ्या अर्थाने वाचते ते ‘थिन डेल्टा’. चालू पूलवर ते चालवण्यासाठी मेटाडेटाचाही स्नॅपशॉट आधी राखून ठेवावा लागतो (आणि नंतर आठवणीने सोडावा लागतो, कारण एका पूलला असा एकच मिळतो). मग दोन स्नॅपशॉटमधील बदललेले ब्लॉक क्रमांकांसह कळतात: ब्लॉक ६४ केबीचा असेल, तर ‘आरंभ १६०, लांबी ४’ याचा अर्थ दहाव्या एमबीपासून पुढचे २५६ केबी. लिनबिट कंपनीचे ‘थिन सेंड’ याच आधारावर फक्त फरक दुसऱ्या यंत्राकडे पाठवते. जुन्या पद्धतीच्या स्नॅपशॉटसाठी लिहिलेले ‘एलव्हीएमसिंक’ येथे उपयोगी नाही, कारण ते वाचत असलेला बदलांचा वेगळा साठा थिन स्नॅपशॉटला नसतोच.

मात्र ‘थिन डेल्टा’ मजकूर नव्हे, नकाशा ताडून पाहते. एक बाइट बदलला तरी अख्खा ब्लॉक बदललेला ठरतो. फाइल पुसली, पण ‘एफएसट्रिम’ने जागा परत केली नाही, तर तो ब्लॉक अजून वापरातच दिसतो. केवळ जुन्या स्नॅपशॉटमध्ये असलेले ब्लॉकही ते वेगळे दाखवते, आणि घरगुती स्क्रिप्टमध्ये हमखास विसरले जातात ते हेच. ते प्रतीतूनही काढले नाहीत, तर पुसलेला डेटा तिथे जिवंत राहतो.

पुढच्या तुलनेसाठी मागचा स्नॅपशॉट जपून ठेवावा लागतो आणि तो असेपर्यंत सामायिक ब्लॉकवरचा प्रत्येक बदल पूलमध्ये नवी जागा खातो. पूल भरला की नेहमीच्या मांडणीत नवी जागा मागणारे लिहिणे ६० सेकंद खोळंबते आणि नंतर त्रुटी देते. म्हणून बॅकअपचे वेळापत्रक आखण्यापूर्वी ‘एलव्हीएस’च्या यादीतील डेटा आणि मेटाडेटा या दोन्हींच्या वापराची टक्केवारी पाहून घ्यावी.